सात हजारांची गोष्ट सगळ्यांना पाठ, मधली पानं कोणी वाचत नाही

जळगाव : मोबाईल उघडला की दिवसातून एक तरी रील समोर येतेच. 'खिशात पाचशे रुपये होते, आज कोटींची उलाढाल.' मागे ढोल वाजतो, मोठी गाडी दिसते आणि शेवटी एक नंबर येतो, 'मार्गदर्शनासाठी संपर्क करा.' पाराजवळ, बस स्टँडवर, रात्री मळ्यात पाणी भरताना पोरं हे बघत असतात. पदवी झालेली, भरतीच्या दोन-तीन परीक्षा देऊन थकलेली ही पोरं आहेत. मग एक दिवस घरात विषय निघतो, 'बाबा, धंदा टाकायचा. कर्ज मिळतंय, अनुदान पण आहे.'

धंदा टाकू नये असं कोणी म्हणणार नाही. दोन-चार एकरांवर तीन भावांचं भागत नाही, हे आता प्रत्येक घराला कळून चुकलंय. पण रीलमध्ये गोष्टीचं पहिलं पान आणि शेवटचं पानच दिसतं. मधली पानं गायब असतात. कर्ज फिटणार की बापाच्या सातबाऱ्यावर बोजा चढणार, हे ठरतं ते त्या मधल्या पानांवर.

ही मधली पानं वाचायला लांब जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण घेऊ.

सात हजार म्हणजे किती?

भवरलाल जैन, जळगावकरांचे 'मोठे भाऊ'. जन्म १९३७ चा, गाव जामनेर तालुक्यातलं वाकोद, घर शेतकऱ्याचं. मुंबईत वाणिज्य आणि कायद्याचं शिक्षण झालं. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आली होती, ती त्यांनी घेतली नाही. १९६३ मध्ये घरच्या साठवणुकीचे सात हजार रुपये घेऊन रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे पाईप, ठिबक, टिश्यू कल्चर केळी, कांदा-फळ प्रक्रिया असा व्याप वाढत गेला. २००८ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१६ मध्ये ते गेले. एवढं जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे.

आता पहिलं सुटलेलं पान. सात हजार म्हटलं की आजच्या पोराला वाटतं, एवढे तर मोबाईललाच गेले. पण १९६३ मध्ये दहा ग्रॅम सोनं शंभर रुपयांच्या आसपास मिळत होतं. म्हणजे सात हजारांत साधारण सातशे ग्रॅम सोनं आलं असतं. आजच्या भावानं त्याचे किती होतात, ते प्रत्येकानं मोबाईलवर करून बघावं.

यात त्यांचं मोठेपण कमी होत नाही, उलट वाढतं. घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या पोटाला चिमटा घेऊन साठवलेली रक्कम होती ती. ती बुडाली असती तर परत उभी राहिली नसती. आपल्याला घ्यायचं ते इतकंच, की सुरुवात घरच्या पैशावर झाली. माल खपायला चार महिने जास्त लागले तरी दारात हप्त्यासाठी कोणी उभं राहणार नव्हतं. कर्जावर सुरू होणाऱ्या धंद्याला ही सवड नसते. त्याचं घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू होतं.

पंधरा वर्षं एकच गिऱ्हाईक

दुसरं पान त्याहून महत्त्वाचं आहे. रॉकेलच का? त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. कंदील, चिमणी, स्टो, सगळं रॉकेलवर. माल कंपनीचा, कारखाना काढायची गरज नाही, आणि गिऱ्हाईक दर आठवड्याला परत येणारं. म्हणजे पैसा फिरता राहतो.

मग एकेक एजन्सी जोडत गेले. ऑईल इंजिन, मोपेड, ट्रॅक्टर, खत, बियाणं. यादी मोठी आहे, पण घेणारा कोण ते बघा. जो शेतकरी रॉकेल घेत होता, तोच इंजिन घेतो, तोच खत घेतो. त्याला पैसे कधी सुटतात, कापूस कधी विकतो, कोणत्या महिन्यात उधारी मागतो, कोण बुडवतो आणि कोण दिवाळीला न चुकता आणून देतो, हे सगळं दुकानदाराला पाठ झालं.

कारखान्यात पाय टाकला तो १९७८ मध्ये. म्हणजे रॉकेलनंतर तब्बल पंधरा वर्षांनी. केळी पावडरीचा एक बंद पडलेला कारखाना तीस लाखांना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पपेन औषधाला आणि खाद्य उद्योगाला लागतं, बाहेर देशात मागणी होती. चीक कुठून आणला? ज्यांना पंधरा वर्षं माल विकला, त्याच शेतकऱ्यांकडून. १९८० मध्ये पीव्हीसी पाईप आले आणि त्याच दशकाच्या शेवटी ठिबक. गिऱ्हाईक पुन्हा तेच, शेतकरी.

रीलमध्ये ही पंधरा वर्षं पंधरा सेकंदांत उरकतात. आपल्याकडे आज उलटं चाललंय. आधी शेड, मग मशीन, मग फ्लेक्स, मग उद्घाटन, आणि माल कोणाला विकायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

चुकलं तेव्हा काय झालं?

तिसरं पान चुकीचं आहे, आणि ते वगळलं तर गोष्टच खोटी होते. नव्वदच्या दशकात जैन समूह फायनान्स, ग्रॅनाईट, कॉम्प्युटर अशा धंद्यांत गेला. तेव्हा देशात तसं वारंच होतं. पण यात गिऱ्हाईक शेतकरी नव्हतं आणि धंदाही ओळखीचा नव्हता. तोटा झाला, कर्ज वाढलं. मोठ्या भाऊंनी चूक जाहीरपणे कबूल केली. नको ते धंदे बंद केले, बाहेरचं भांडवल घेण्यासाठी कंपनीतला मोठा हिस्सा सोडला आणि पुन्हा शेतीवर आले.

पुढेही रस्ता सरळ नव्हता. ठिबकचा धंदा सरकारी अनुदानाशी बांधलेला. शेतकऱ्याच्या रानात नळ्या पसरल्या जातात, पण अनुदानाची रक्कम सरकारकडून यायला महिनोन् महिने लागतात. माल गेला, पैसा अडकला आणि बँकेचं व्याज मात्र रोज चालू. पुढे परदेशातल्या विस्ताराचं कर्ज आणि प्रकल्पांत अडकलेली रक्कम यांचा भार वाढला. २०१९ मध्ये कंपनीचे हप्ते थकले. २०२२ मध्ये बँकांशी कर्जाची नव्यानं बांधणी झाली आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करून कर्जाचा मोठा बोजा उतरवावा लागला.

हजारो लोकांना रोजगार देणारी, जगभर माल विकणारी कंपनी. तिचाही श्वास उधारीत अडकला. मग सहा माणसांच्या युनिटचं काय होईल, याचा विचार आधीच केलेला बरा.

ऐंशी रुपये आणि बारा शेतकरी

अशीच आणखी दोन उदाहरणं थोडक्यात.

मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. हेच पुढे लिज्जत झालं. त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं की कोणाची देणगी घ्यायची नाही. पैसे घेतले ते उसने म्हणून घेतले आणि फेडले. आज आपल्या गावोगावच्या बचत गटांत पापड, मसाले, शेवया बनतात आणि मालही चांगला असतो. पण बऱ्याच ठिकाणी विक्री फक्त प्रदर्शनापुरती होते. प्रदर्शन संपलं की काम थांबतं. लिज्जत चाललं ते रोज लाटलं आणि रोज विकलं म्हणून.

दुसरं उदाहरण नाशिकचं. विलास शिंदे कृषी शाखेत उच्च शिक्षण घेऊन शेतीत उतरले. एकामागून एक जोडधंदे करून बघितले आणि कर्ज डोक्यावर झालं. २००४ मध्ये बारा शेतकऱ्यांना घेऊन युरोपात द्राक्ष पाठवायला सुरुवात केली. २०१० मध्ये मोठा फटका बसला. भारतातून गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला आणि युरोपातल्या खरेदीदारांनी माल नाकारला. निर्यातदार आणि शेतकरी दोघंही झोपले. अशा वेळी बरेच जण धंदा सोडतात. इथं त्याच सुमारास सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला तिचं केंद्र आहे. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये घातले. यात 'एकटा माणूस जिंकला' असं नाही. एकट्याला न पेलणारा धोका अनेकांनी वाटून घेतला आणि फवारणीपासून पॅकिंगपर्यंत नोंद ठेवायची शिस्त लावली.

आता आपला हिशेब

मोठ्यांच्या गोष्टी झाल्या. आता रावेर, यावल, चोपडा, जामनेरच्या पोराचा हिशेब मांडू. समजा त्यानं केळी वेफर्सचं युनिट टाकायचं ठरवलं. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकानं स्वतःचे आकडे त्या जागी घालून बघावेत.

प्रकल्प १० लाखांचा. शेड आणि मशीनला ८ लाख गेले, हातात २ लाख उरले. महिन्याला ३ लाखांचा माल विकला जातो. त्यातला खर्च (केळी, तेल, गॅस, मजुरी, पाकीट, वाहतूक) २ लाख ५५ हजार. म्हणजे महिन्याला ४५ हजार नफा. बँकेच्या फाईलमध्ये हे झकास दिसतं.

पण शहरातला होलसेलर सांगतो, 'पैसे साठ दिवसांनी.' नवा माणूस नाही म्हणू शकत नाही. आता बघा. पहिल्या महिन्यात २ लाख ५५ हजार घातले, दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेवढेच. एकूण ५ लाख १० हजार गेले, तेव्हा कुठं पहिला रुपया परत यायची वेळ होते. हातात होते २ लाख. बँकेनं हप्त्याला सुरुवातीचे काही महिने सवड दिली असं धरलं, तरी ३ लाख १० हजार कमी पडतात. धंदा नफ्यात आहे, माल खपतोय, तरी खिशात खडखडाट.

खरा धोका इथंच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे बँकेच्या कर्जात जमीन सहसा गुंतत नाही. ती गुंतते या मधल्या तीन लाखांसाठी. कोणी पतसंस्थेत जातं, कोणी बायकोचे दागिने ठेवतं, कोणी शेकडा तीन-चार रुपये महिना व्याजानं सावकाराकडून उचलतं. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. ते व्याज नफ्याला पोखरत राहतं. दोन वर्षांनी मशीनवर ताडपत्री पडते आणि गाव म्हणतं, 'पोराला धंदा जमला नाही.' पोराला धंदा जमला होता, उधारीचा हिशेब चुकला होता.

योजना काय देते आणि काय नाही

सरकारी योजना आहेत आणि त्या घ्यायलाच पाहिजेत. पण नीट समजून.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या युनिटला ५० लाखांपर्यंत आणि सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान आहे. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, दिव्यांग, माजी सैनिक यांना ३५ टक्के. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १० टक्के, बाकीच्यांना ५ टक्के.

अनुदान हातात रोख मिळतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ती रक्कम बँकेत तीन वर्षं वेगळी ठेवली जाते. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, हा फायदा. पण तीन वर्षं युनिट चालू राहिलं तरच ती कर्जात वळती होते. मध्येच बंद पडलं तर अनुदान हातचं जातं आणि पूर्ण कर्ज अंगावर येतं. त्यामुळे 'अनुदानात निम्मं सुटतं' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. अर्ज ऑनलाईन आहे, त्याला फी नाही आणि योजनेनं कोणताही एजंट नेमलेला नाही. अडलं तर जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योगच्या कार्यालयात विचारा.

अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या योजनेत व्याजाचा परतावा मिळतो. शब्द 'परतावा' आहे, हे लक्षात ठेवा. आधी हप्ता स्वतःच्या खिशातून वेळेवर भरायचा, मग व्याज खात्यात येतं. हप्ता चुकला की परतावा अडकतो.

मुद्रा कर्जात शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत रक्कम मिळते. तरुण गटातलं कर्ज ज्यांनी नीट फेडलं, त्यांना आता २० लाखांपर्यंतची वाट मोकळी झाली आहे. म्हणजे सरकारी नियमातही तेच आहे, जे मोठ्या भाऊंनी पंधरा वर्षांत केलं. आधी छोटं घ्या, फेडून दाखवा, मग मोठं मागा.

पैसे अडकले तर

उधारीवर एक हत्यार कायद्यानं दिलं आहे, ते आपल्याकडे फार थोडे वापरतात. उद्यम नोंदणी. सरकारी पोर्टलवर आधारवर होते आणि मोफत आहे. एखादा पैसे मागत असेल तर समजा तो मध्यस्थ आहे.

ही नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदारानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाईन करता येते. त्यात आयकर कायद्यातल्या बदलामुळे, मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. म्हणून मोठा व्यापारी आता थोडा दबकतो. मात्र हे संरक्षण माल तयार करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला नाही.

गावात कोणी गिऱ्हाईकावर केस करत बसत नाही, हेही खरं आहे. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि '४५ दिवस' एवढं छापलेलं असलं, तरी बोलताना जोर येतो. बिलच नसेल तर कायदा काय करणार? चिठ्ठीवर माल देण्याची सवय आधी मोडायला पाहिजे.

कर्जाच्या अर्जाआधी चार कामं

एक, मशीन घ्यायच्या आधी माल विकून बघा. घरच्या कढईत वीस किलो वेफर्स तळा, तालुक्याच्या दहा दुकानांत द्या. किती खपले, किती परत आले, पैसे किती दिवसांनी मिळाले, वहीत लिहा. ही वही प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा जास्त खरं सांगते.

दोन, मशीन जरा लहान घ्या, पण किमान तीन महिन्यांचा खर्च हातात ठेवा. मोठं शेड मागून बांधता येतं.

तीन, सगळा माल एकाच व्यापाऱ्याला देऊ नका. चार छोटी रोखीची गिऱ्हाईकं एका मोठ्या उधारीपेक्षा बरी.

चार, शेतीचं खातं वेगळं, धंद्याचं वेगळं. कापसाचे पैसे वेफर्समध्ये आणि वेफर्सचे पैसे लग्नात गेले, की कशात नफा आहे ते कोणालाच कळत नाही.

ही कामं करायला फार तर एक हंगाम जातो. वाकोदच्या माणसानं पंधरा वर्षं दिली होती. आपण एक हंगाम द्यायला हरकत नसावी. अर्ज त्यानंतरही करता येतो, पण सातबाऱ्यावर चढलेला बोजा उतरवायला अर्धं आयुष्य जातं.